लिनक्सवर आल्यानंतर: सीमाभागातील घरासाठी नेट आणि मराठी-कन्नड कागदपत्रे

विंडोज १० या प्रणालीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ज्यांचा संगणक अजून उत्तम चालतो, पण विंडोज ११ साठी ठरवलेल्या अटींत बसत नाही, त्यांच्यापुढे लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी मोफत संगणक प्रणाली, हा सरळ मार्ग आहे. लिनक्स बसवणे आता अवघड राहिलेले नाही. अडचण सुरू होते ती दुसऱ्या दिवशी, जेव्हा वायफाय दिसत नाही आणि जुनी फाईल उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची रास दिसते.

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडच्या मराठी घरात ही दुसरी अडचण दुहेरी असते. शेताची पहाणी (कर्नाटकातील सातबारासारखा उतारा) कन्नडमध्ये असते, नाडकचेरीतून (महसूल कार्यालयातून) मिळालेला उत्पन्नाचा दाखला कन्नडमध्ये असतो, आणि मंडळाचे इतिवृत्त, लग्नपत्रिकेचा मसुदा किंवा कोल्हापूरच्या नातेवाइकांनी पाठवलेला अर्ज मराठीत असतो. त्यामुळे आपल्याकडे संगणक तयार झाला असे तेव्हाच म्हणावे, जेव्हा दोन्ही लिप्यांतील कागद पडद्यावर आणि छपाईतही बरोबर उमटतात. हा लेख त्या दृष्टीने लिहिला आहे. नवख्यांसाठी मी लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी लिनक्स मिंट २२ ही मालिका, सिनॅमन नावाच्या पडद्याच्या मांडणीसह, गृहीत धरली आहे, कारण तिला २०२९ पर्यंत सुधारणा मिळत राहणार आहेत आणि जवळजवळ सर्व कामे खिडक्यांतून, आज्ञा न टंकता करता येतात.

विंडोज पुसण्याआधी

मिंट पेन ड्राइव्हवरून, काहीही न बसवता, नुसते चालवून पाहता येते. या सोयीचा पूर्ण उपयोग करावा. त्या अवस्थेत वायफाय लागते का, आवाज येतो का, घरातील दोन-चार महत्त्वाच्या फाईली कशा दिसतात, हे पाहून घ्यावे. किमान एक पहाणी आणि एक जुने मराठी पत्र या चाचणीत असावेच.

त्यानंतर फाईलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. येथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि ती मी स्वतः विसरलो होतो. आमच्या गावच्या वाचनालयाचा संगणक लिनक्सवर आणताना मी सर्व दस्तऐवज जपून ठेवले, पण विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरची प्रत घेतली नाही. अनेक वर्षांची इतिवृत्ते एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली होती, आणि तो फॉन्ट डिस्कबरोबर पुसला गेला. एका सभासदाच्या जुन्या संगणकावर तोच फॉन्ट सापडेपर्यंत ती इतिवृत्ते कोणालाही वाचता आली नाहीत. म्हणून 'सी' ड्राइव्हमधील 'विंडोज' फोल्डर उघडावे आणि त्यातील संपूर्ण 'फॉन्ट्स' फोल्डर डिस्कवर उतरवून घ्यावे. आपण विकत घेतलेल्या मराठी टंकन प्रणालीचे फॉन्ट आपल्याच वापरासाठी अशा रीतीने जपावेत, मात्र त्यांचे परवाने पाहून घ्यावेत आणि ते इतरांना वाटत सुटू नये.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचे असतील तर आणखी दोन गोष्टी कराव्यात. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे, कारण ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्याची डिस्क बहुधा फक्त वाचण्यापुरतीच उघडते. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क सांकेतिक करण्याच्या सोयीने, कुलूपबंद असेल तर तिची पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर लिहून ठेवावी. दोन्ही प्रणाली एकाच संगणकावर असल्यास घड्याळ साडेपाच तासांनी मागेपुढे होऊ शकते. संगणकातील मूळ घड्याळ लिनक्स जागतिक वेळेनुसार वाचते आणि विंडोज भारतीय वेळेनुसार वाचते, हे त्याचे कारण आहे. तारीख किंवा वेळ फार चुकली तर सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची तक्रार करून उघडत नाहीत, आणि माणूस उगाच नेटला दोष देत बसतो.

नेट: सुरुवात मोबाइलच्या केबलने

वायफाय चालत नसेल तर पहिल्याच तासात त्याच्याशी झटापट करू नये. अँड्रॉइड मोबाइल यूएसबी केबलने संगणकाला जोडावा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावरील 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे, आणि काही सेकंद थांबावे. लिनक्स त्या मोबाइलला तारेचे नेटवर्क समजते, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा कार्यक्रम) लागत नाही. काहीच घडले नाही तर केबल बदलून पाहावी, कारण बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त केबली केवळ चार्जिंगच्या असतात आणि त्यांतून माहिती जात नाही. या मार्गाने पहिले नेट मिळाले की बाकीचे ड्रायव्हर संगणक स्वतः उतरवून घेऊ शकतो.

मोबाइलचा दिवसाचा डेटा मर्यादित असेल तर जोडणीच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड' अशी खूण करावी आणि मोठ्या सुधारणा घरच्या किंवा शेजारच्या फायबरवर येईपर्यंत थांबवाव्यात. पहिल्याच सुधारणेत शेकडो एमबी उतरू शकतात.

आता वायफायकडे वळावे. प्रथम लॅपटॉपची कडा आणि कीबोर्डची वरची ओळ पाहावी. जुन्या लॅपटॉपला वायफायचा प्रत्यक्ष खटका किंवा विमानाचे चिन्ह असलेले बटन असते, आणि ते बंद असल्यास कोणताही ड्रायव्हर उपयोगी पडत नाही. ते ठीक असेल तर 'सिस्टम रिपोर्ट्स' (मालिकेतील नव्या आवृत्तीत 'सिस्टम इन्फर्मेशन') नावाचा कार्यक्रम उघडून त्यातील संगणकाच्या माहितीच्या पानावर नेटवर्कच्या भागात चिपचे नाव वाचावे. लॅपटॉपच्या कंपनीपेक्षा हे नाव महत्त्वाचे असते, कारण एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या चिपा बसवलेल्या असू शकतात.

इंटेलच्या आणि जुन्या ॲथेरॉसच्या चिपा साधारणपणे काही न करता चालतात. ब्रॉडकॉमच्या अनेक चिपांना कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर लागतो. त्यासाठी मेन्यूतील 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडावा, सुचवलेला ड्रायव्हर निवडावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा. मोबाइलवरचे नेटही नसेल तर मिंट ज्या पेन ड्राइव्हवरून बसवले तोच लावून ठेवावा, ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर त्यावरून घेता येतो. रिअलटेकच्या चिपांबाबत प्रश्न बहुधा कर्नलच्या वयाचा असतो, म्हणजे चिप नवी आणि प्रणालीचा गाभा जुना असा. 'अपडेट मॅनेजर'मधील 'व्ह्यू' या मेन्यूत 'लिनक्स कर्नल्स' हे पान आहे. तेथून उपलब्ध असलेला नवा कर्नल बसवून पाहावा. तो पसंत पडला नाही तर सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नल निवडून परत जाता येते, म्हणून हा प्रयोग करायला घाबरू नये.

ड्रायव्हर बसवूनही तो चालत नसेल तर 'सिक्युअर बूट', म्हणजे अनोळखी कार्यक्रमांना सुरुवातीलाच अडवणारी संगणकाची सुरक्षा सोय, हे कारण असण्याची शक्यता मोठी आहे. ड्रायव्हर बसवताना संगणक एक पासवर्ड ठरवायला सांगतो. पुढच्या वेळी सुरू होताना एक निळा पडदा येतो, त्यावर 'एनरोल एमओके' हा पर्याय निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. अनेक जण तो पडदा घाईने ओलांडून जातात, मग ड्रायव्हर डिस्कवर असूनही संगणक त्याला आत घेत नाही. पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांचा ठेवावा, कारण त्या पडद्यावर मराठी मांडणी नसते.

यूएसबीचे छोटे वायफाय उपकरण लावल्यावर वायफायऐवजी एखादी सीडी दिसू लागली तर ते बिघडलेले नसते. अशा उपकरणांत विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो आणि ते आधी स्वतःला डिस्क म्हणून सादर करतात. मोबाइल कंपन्यांची जुनी नेट डोंगलही असेच वागतात. त्यांचे रूप बदलण्याचे काम 'यूएसबी मोडस्विच' हा कार्यक्रम करतो. तो नसल्यास 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मधून बसवावा, आणि दिसणारी सीडी एकदा 'इजेक्ट' करून पाहावी. तेवढ्यानेही पुष्कळदा खरे उपकरण पुढे येते.

सिम असलेल्या डोंगलबाबत सीमाभागात एक खास अडचण येते, आणि तिचा उल्लेख इतरत्र क्वचितच होतो. कर्नाटक हे दूरसंचाराचे एक मंडळ (सर्कल) आहे, महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. निपाणीच्या उत्तरेला, शिनोळीच्या बाजूला किंवा खानापूरच्या घाटाकडे घर असेल तर डोंगल कधी एका मंडळाचा टॉवर पकडते, कधी दुसऱ्याचा. दुसरा टॉवर पकडला की संगणकाच्या दृष्टीने ते रोमिंग ठरते. जोडणीत रोमिंगला परवानगी नसेल तर सिग्नल पूर्ण दिसत असूनही नेट तुटते. 'नेटवर्क कनेक्शन्स'मध्ये त्या मोबाइल ब्रॉडबँड जोडणीचे पान उघडावे आणि मूळ नेटवर्क नसल्यास रोमिंगला परवानगी देणाऱ्या चौकटीत खूण आहे का ते पाहावे. मोबाइलवरून टेदरिंग करत असाल तर मोबाइलमधील 'डेटा रोमिंग'ही चालू असावे. सिमला पिन लावलेला असेल तर तो काढून टाकलेला बरा, आणि जोडणी तयार करताना देश व कंपनी यादीतून नीट निवडावी, म्हणजे एपीएन (कंपनीच्या नेटचा पत्ता) आपोआप भरला जातो.

घरी फायबर असेल तर यातले बहुतेक त्रास संपतात. भिंतीवरच्या पेटीतून लॅनची केबल संगणकात लावली की नेट सुरू व्हायला हवे. ते झाले नाही तर ती पेटी 'ब्रिज' पद्धतीत असू शकते, म्हणजे लॉगिनचे काम ती संगणकावर सोडते. मग 'नेटवर्क कनेक्शन्स'मध्ये डीएसएल किंवा पीपीपीओई प्रकारची नवी जोडणी करून कंपनीने दिलेले नाव आणि पासवर्ड त्यात भरावेत.

फॉन्ट: दोन लिप्या, दोन कामे

नेट आल्यावर सर्वप्रथम फॉन्ट बसवावेत, दस्तऐवज नंतर उघडावेत. 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मध्ये 'नोटो' आणि 'लोहित' या नावांनी शोधून देवनागरी आणि कन्नड असे दोन्ही संच घ्यावेत. लोहित ही रेड हॅट कंपनीने मुक्त केलेली भारतीय लिप्यांच्या फॉन्टांची मालिका आहे, आणि तिच्या नावाचा अर्थही तांबडा असाच होतो. या संचांनी युनिकोडमधील, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या आजच्या प्रमाण संकेतांतील, मराठी आणि कन्नड मजकूर दिसू लागतो. पहाणीचे किंवा दाखल्याचे पान ब्राउझरमध्ये उघडून खात्री करावी. कन्नड अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसल्या तर फॉन्ट बसलेला नाही किंवा ब्राउझर बंद करून पुन्हा उघडलेला नाही.

यानंतर इंग्रजीसाठी 'कार्लिटो' आणि 'कॅलाडिया' हे दोन फॉन्ट घ्यावेत. त्यांच्या अक्षरांची रुंदी अनुक्रमे कॅलिब्री आणि कँब्रियाइतकीच ठेवलेली आहे, त्यामुळे त्या फॉन्टमधील इंग्रजी मजकुराच्या ओळी जागच्या जागी तुटतात आणि पाने सरकत नाहीत. लिबरेशन मालिका हेच काम एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी करते. मराठीच्या मंगल फॉन्टला असा तंतोतंत जोड नाही. म्हणून मंगलमध्ये केलेले पाचपानी पत्र लिनक्सवर सव्वापाच पानांचे झाले तर त्याला बिघाड समजू नये.

लिबरऑफिसमध्ये मराठी

लिबरऑफिस मिंटबरोबरच येते आणि वर्डच्या व एक्सेलच्या फाईली उघडते. मराठीसाठी एक खूण आधी करावी लागते. 'टूल्स'मधील 'ऑप्शन्स' उघडावे, भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करावे आणि त्याची भाषा मराठी ठेवावी. लिबरऑफिस इंग्रजी मजकुराचा फॉन्ट आणि देवनागरी किंवा कन्नड मजकुराचा फॉन्ट वेगवेगळे सांभाळते, ही गोष्ट लक्षात घेतली की पुष्कळ गोंधळ टळतो. 'मी फॉन्ट बदलला पण अक्षर बदललेच नाही' या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते. 'फॉरमॅट'मधील 'कॅरॅक्टर' या खिडकीत दोन्ही फॉन्ट स्वतंत्रपणे दिसतात. भाषा मराठी ठरवल्याने आणखी एक फायदा होतो: ज्या फॉन्टांत सोय आहे, त्यांत ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने उमटतात. आपल्या मुलांनी छापील पानावर आपल्या वळणाचा ल पाहावा, असे मला मनापासून वाटते.

आपली मूळ प्रत ओडीटी या लिबरऑफिसच्या प्रकारात ठेवावी, दुसऱ्याने दुरुस्ती करायची असेल तर डॉकएक्स या वर्डच्या प्रकारात पाठवावी, आणि फक्त वाचायची असेल तर पीडीएफ करून पाठवावी. एक्सेलमधील साधी सूत्रे चालतात, मात्र मॅक्रो असलेल्या फाईली काळजीपूर्वक तपासाव्यात. सौहार्द सहकारी संस्थेचे किंवा दुकानाचे हिशेब टॅलीवर असतील तर त्यासाठी एक विंडोज संगणक राहू द्यावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

जुन्या फॉन्टमधील कागद

सर्वांत जास्त वेळ याच कामाला द्यावा लागतो. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टांत, म्हणजे श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण, कृतिदेव अशांत, फाईलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांवर देवनागरीचे चित्र चढवतो. नुडी या कन्नड टंकन प्रणालीतील जुन्या फाईलींचेही तसेच आहे. फॉन्ट नसला की ते चित्र उतरते आणि इंग्रजी रास उघडी पडते. फाईल मात्र शाबूत असते, म्हणून घाबरून ती पुन्हा साठवू नये.

मजकुरावर कर्सर ठेवला की वरच्या पट्टीत फॉन्टचे नाव दिसते. ते नाव तिरप्या अक्षरांत असेल तर तो फॉन्ट संगणकावर नाही. आधी जपून ठेवलेल्या फोल्डरमधून त्या नावाची फाईल शोधावी, तिच्यावर दोनदा क्लिक करावे आणि उघडलेल्या खिडकीतील 'इन्स्टॉल' दाबावे. लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडल्यावर मजकूर पूर्ववत दिसतो.

दिसू लागला तरी एक धोका उरतो. लिबरऑफिस हा मजकूर इंग्रजीच समजते, त्यामुळे त्यात भर घालताना वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठ्या लिपीत बदलते, आणि जुन्या फॉन्टांत मोठे अक्षर म्हणजे निराळेच देवनागरी अक्षर असते. सरळ अवतरणचिन्हे वळणदार झाली तरी एखादी मात्रा नाहीशी होते. म्हणून अशा फाईलींत हात घालण्यापूर्वी 'ऑटोकरेक्ट' पूर्ण बंद करावे आणि त्या मजकुराची भाषा 'नन' ठेवावी.

माझ्या मते असे कागद नुसते वाचता येऊ लागले म्हणून थांबू नये, ते युनिकोडमध्ये आणावेत. त्या त्या फॉन्टसाठी रूपांतर करणारी साधने मिळतात. नुडीच्या फाईली बदलण्याची सोय त्याच्याच विंडोजवरील संचात असते, म्हणून ते काम विंडोज असेपर्यंत उरकून घेणे सोपे जाते. रूपांतरानंतर मूळ छापील कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचावी. रफार पुढच्या अक्षरावर सरकणे, 'ऱ्या'चा 'र्या' होणे, जोडाक्षर फुटणे, या चुका हमखास होतात. माणसांची नावे, सर्व्हे नंबर आणि रकमा तर दोन जणांनी मिळून तपासाव्यात, कारण एका अंकाच्या चुकीने पुढे मोठा त्रास होऊ शकतो.

टंकन

मराठी टंकनासाठी 'कीबोर्ड' सेटिंगमधील 'लेआउट्स' या पानावर जाऊन नवी मांडणी जोडावी. भारताच्या यादीत मराठीची इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण, मांडणी आहे आणि कगप नावाची उच्चारानुसारी मांडणीही आहे. कगप हे कन्नड गणक परिषदेचे संक्षिप्त रूप आहे, आणि नुडीवर कन्नड टंकणाऱ्यांची बोटे याच मांडणीला सरावलेली असतात. तीच मांडणी मराठीसाठीही तयार मिळते, हे आपल्या भागातील फार थोड्यांना माहीत आहे. जो तरुण नोकरीत दिवसभर कन्नड टंकतो, त्याला संध्याकाळी मंडळाचे मराठी पत्र त्याच बोटांनी टंकता येईल. कन्नड कगप, मराठी कगप आणि इंग्रजी अशा तीन मांडण्या जोडाव्यात आणि त्या बदलण्याची कळ याच सेटिंगमध्ये ठरवून घ्यावी. ज्यांना कोणतीच सवय नाही, त्यांनी इनस्क्रिप्ट शिकावी. तिच्यात हलन्तासाठी डीची कळ आहे, आणि शिफ्टबरोबर जेची कळ दाबली की ऱ मिळतो. त्याला हलन्त आणि य जोडला की 'ऱ्य' नीट उमटते.

छपाई

नवे वायफाय प्रिंटर बहुधा आपोआप सापडतात आणि एचपीच्या प्रिंटरांसाठी लागणारे साहित्य मिंटमध्येच असते. कॅननचा एलबीपी २९०० मात्र असा आपोआप चालत नाही. त्याला कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणे नवख्याला जड जाते, म्हणून तो घरी असेल तर लिनक्सवर येण्यापूर्वीच त्याची सोय पाहावी. झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्यायचे असेल तर वर्डची फाईल नेऊ नये, कारण दुकानदाराच्या संगणकावर आपला फॉन्ट नसतो. लिबरऑफिसमधून पीडीएफ करावी, कारण तिच्यात फॉन्ट अंतर्भूत होतात, आणि पेन ड्राइव्हवर घेतल्यावर ती एकदा मोबाइलमध्ये उघडून मराठी व कन्नड दोन्ही मजकूर डोळ्यांखालून घालावा.